इग्नोर ऑल

गेल्या शनिवारी काही लिहिणं झालं नाही. एरवी शनिवारी सकाळी पोहे, मग दोन कप चहा, मग लिखाण असा आपला साधा कार्यक्रम असतो. पण गेला अख्खा शनिवार, सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत, एका पतसंस्थेच्या सर्व्हर रूममध्ये गेला. सर्व्हर रूम म्हटल्यावर काचेचे दरवाजे, निळे दिवे वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. जुन्या व्हाउचरची गाठोडी ठेवायची खोली होती. तिला एसी लावला, झाली सर्व्हर रूम!

काम काय, तर नव्या सर्व्हरवर ओरॅकलचा डेटाबेस टाकायचा. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनी लगेच पळू नका. सगळं सोपं करून सांगतो. शिवाय यात माझी एक जुनी, घसघशीत चूक आहे. आणि दुसऱ्याची चूक वाचायला कोणाला आवडत नाही?

तर सर्व्हरवर डेटाबेस टाकणं म्हणजे मोबाइलवर ॲप टाकण्यासारखं नसतं. इन्स्टॉलर सुरू केला की तो आधी सोयरीक जमवायला आलेल्या मामासारखा घरभर फिरतो. रॅम किती? स्वॅप किती? टेंपमध्ये १ जीबी जागा मोकळी आहे का? कर्नलचे पॅरामीटर किती ठेवलेत? अमुक लायब्ररी आहे का, तमुक पॅकेज आहे का? एकेक बघतो आणि शेवटी यादी देतो. जे पसंत पडलं नाही त्याच्यापुढे लिहितो, 'फेल्ड'.

त्या यादीच्या स्क्रीनवर दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात. एक बटण, 'फिक्स अँड चेक अगेन'. ते दाबलं की तो दुरुस्तीची एक स्क्रिप्ट लिहून देतो, ती रूट म्हणून चालवली की कर्नल पॅरामीटरसारखी बरीचशी दुखणी आपोआप बरी होतात. आणि वरच्या बाजूला एक छोटासा चौकोन असतो, 'इग्नोर ऑल'. त्यात टिक केली की मामा गप्प बसतो आणि लग्न लागतं.

आजचं सगळं पुराण त्या चौकोनाचं आहे.

गेल्या शनिवारी मी तयारीत गेलो होतो. नव्या सर्व्हरला ३२ जीबी रॅम, त्यावर ओरॅकल लिनक्स ८. ओरॅकलचंच एक प्रीइन्स्टॉल नावाचं पॅकेज मिळतं, ते टाकलं की युजर, ग्रुप, लायब्ररी, कर्नलचे आकडे असं सगळं जागेवर बसतं. ते टाकलं. मग १९सी या व्हर्जनचा इन्स्टॉलर सुरू केला. आता तासाभरात संपवू, दुपारी घरी जाऊन झोपू असा विचार होता.

आणि यादी वगैरे दूरच, तिथपर्यंत पोचायच्या आधीच लाल फुली! आयएनएस-०८१०१. 'सपोर्टेड ओएस चेक' या टप्प्यावर अनपेक्षित चूक. बस्स, एवढंच. इग्नोरचा चौकोन नाही, दुरुस्तीचं बटण नाही. ओके म्हणा आणि घरी जा.

आमच्या सरांना फोन केला. आमची कंपनी म्हणजे उस्मानपुऱ्यात एका दुकानाच्या वर तीन खोल्या आणि अकरा माणसं, त्यामुळे सर म्हणजे मालक, सेल्स, एचआर सगळं तेच. सर म्हणाले, "अरे, हा एरर सगळ्यांनाच येतो म्हणे. त्याला काहीतरी बायपास आहे. करून टाक ना. सोमवारी दहाला काउंटर उघडणार आहे."

बायपास आहे हे मलाही दोन मिनिटांत सापडलं होतं. एका ओळीचं काम. पण हात काही पुढे जाईना. कारण २०२२. आणि २०२२ सांगायचं तर आधी २०१९ सांगायला लागेल. थोडं मागे जाऊ या.

मी उस्मानपुऱ्यात वाढलो. आमच्या भागात एकीकडे शासकीय तंत्रनिकेतन, दुसरीकडे १९६० साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. त्यामुळे पाठीवर ड्रॉइंगची नळी अडकवून जाणारी पोरं बघतच लहानाचा मोठा झालो. पप्पा वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर. मुलगा इंजिनिअर होणार हे आमच्या घरात मी पाळण्यात असतानाच ठरलं असावं.

बारावीच्या वर्षी मला ऐन जानेवारीत कावीळ झाली. टक्के पडले ५६.८३. पुढे इंजिनिअरिंगला चांगले पडले, शेवटच्या वर्षी तर फारच चांगले. मग २०१९ ला कॅम्पसला एक मोठी कंपनी आली. मी नवीन शर्ट शिवून घेतला, पप्पांनी स्वतः बुटांना पॉलिश करून दिलं. सकाळी साडेआठला हॉलबाहेर नोटीस लागली, 'दहावी, बारावी, पदवी, थ्रूआउट ६० टक्के'. दारात एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने माझे आकडे टाकले, मान हलवली आणि म्हणाली, "सॉरी, सिस्टम घेत नाहीये."

परीक्षा नाही, मुलाखत नाही, काही नाही. मला प्रोग्रॅमिंग येतं का हे कोणी विचारलंच नाही. बारावीच्या जानेवारीत माझं बिलिरुबिन किती होतं, त्यावरून निकाल लागला.

आज त्याचं फार वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी मी मनाशी एक पक्कं करून टाकलं, की या सगळ्या अटीबिटी म्हणजे थोतांड. आत जाण्याआधी कोणीतरी अडवायचं म्हणून अडवतो, त्याला अर्थ काही नसतो. जो चौकोन सापडेल त्यात टिक करायची आणि पुढे जायचं.

आता २०२२. मे महिना, उकाडा मरणाचा. हीच पतसंस्था, जुना सर्व्हर, तेव्हा तो नवा होता. १६ जीबी रॅम, ओरॅकल लिनक्स ७. लिनक्स टाकताना डिस्कचे भाग मीच पाडले होते आणि स्वॅपला अंदाजपंचे ४ जीबी देऊन टाकले होते. इन्स्टॉलरने यादी दिली. बरंचसं 'फिक्स अँड चेक अगेन'ने निस्तरलं. एक ओळ मात्र हटेना. स्वॅप साइज, हवा १६ जीबी, आहे ४ जीबी, फेल्ड.

ओरॅकलचा नियम साधा आहे. रॅम १ ते २ जीबी असेल तर स्वॅप दीडपट, २ ते १६ असेल तर रॅमएवढा, आणि १६ च्या वर कितीही असली तरी स्वॅप १६. गाइडमध्ये सुरुवातीलाच लिहिलंय. मी वाचलं नव्हतं. शुक्रवारची संध्याकाळ होती, मित्र क्रांती चौकात वाट बघत होते. केली टिक.

रात्री जेवताना मोठ्या तोऱ्यात घरी सांगितलं की आज एकट्याने डेटाबेस उभा केला. पप्पांनी विचारलं, काही अडचण? म्हटलं, काही नाही, स्वॅप कमी आहे म्हणून कुरकुरत होता, गप्प केला. स्वॅप म्हणजे काय, हे आईने विचारलं. मी म्हटलं, "रॅम म्हणजे आपला ओटा समज. स्वॅप म्हणजे माळा. ओट्यावर मावेनासं झालं की कमी लागणारे डबे माळ्यावर टाकायचे. काढायला शिडी लागते, वेळ लागतो, पण ओट्यावरून खाली काही पडत नाही."

आई म्हणाली, "मग माळा छोटा ठेवलास?"

"अगं, रोजच्याला लागतच नाही तो."

"रोजच्याला कोणाला लागतो? दिवाळीला लागतो."

मी हसलो. पप्पा हसले नाहीत. पप्पांचा विषय मशीन बसवण्याचा. ते म्हणाले, मशीन येतं, मालक डोक्यावर उभा असतो की आजच चालू करा. पण खाली फाउंडेशन, बोल्ट, शिम टाकून लेव्हल, मग ग्राउट. ग्राउट ओला असताना नट पूर्ण आवळले तर त्या दिवशी काहीही होत नाही. मशीन मस्त चालतं. सहा महिन्यांनी बेअरिंग जातं, आणि तेव्हा कोणाला ग्राउट आठवत नाही. सगळे बेअरिंगवाल्याला शिव्या देतात.

मी म्हटलं, पप्पा, हे सॉफ्टवेअर आहे.

आमची दिवाळी आली १ ऑगस्टला. सोमवार होता, श्रावणातला पहिला. पतसंस्थेत महिन्याच्या पहिल्या तारखेला ठेवींचं मासिक व्याज घ्यायला गर्दी असते. त्यात बहुतेक सगळे रिटायर झालेले, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणणारे. पावणेबाराच्या सुमारास मॅनेजरचा फोन आला, "सगळे काउंटर अडकलेत."

गाडी काढून गेलो. लॉग उघडला तर त्यात ते प्रसिद्ध वाक्य, 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस'. म्हणजे झालं असं होतं. डेटाबेसला मेमरी मी सढळ हाताने दिलेली. त्याच मशीनवर संस्थेच्या सॉफ्टवेअरचा ॲप्लिकेशन सर्व्हर. त्यात पहिल्या तारखेची गर्दी, आणि आतल्या खोलीत कोणीतरी वर्षभराचा रिपोर्ट काढत होतं. ओटा भरला. माळा छोटा, तोही भरला. असं झालं की लिनक्स विनवण्या करत बसत नाही. ते हिशेब करतं आणि सगळ्यात मोठं भांडं उचलून खिडकीबाहेर फेकतं. डेटाबेसच्या सर्व्हरवर सगळ्यात मोठं भांडं कोणतं, हे सांगायला नको.

परत सुरू केला. गर्दी तशीच, रिपोर्टही पुन्हा कोणीतरी लावला. वीस मिनिटांत परत पडला.

मी आत घाम पुसत असताना बाहेर काय चाललं होतं ते काचेतून दिसत होतं. पप्पांच्या वयाचे एक गृहस्थ काउंटरवर उभे होते. मुलीची डिप्लोमाची फी भरायची होती, आज शेवटची तारीख. बचत खात्यातून अठरा हजार काढायचे होते. ते आवाज चढवत नव्हते. नुसतं घड्याळाकडे बघत होते, दर दोन मिनिटांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

काउंटरवरचे कॅशिअर काका संस्थेत कॉम्प्युटर येण्याच्या आधीपासूनचे. त्यांनी काय केलं, खणातून आदल्या संध्याकाळची छापलेली शिल्लक यादी काढली. रोज संध्याकाळी ती छापायचीच, हा त्यांचा हट्ट. आम्ही त्यांना कागद वाया घालवता म्हणून हसायचो. यादीत त्या गृहस्थांचं नाव शोधलं, शिल्लक बघितली, हाताने व्हाउचर लिहिलं, मॅनेजरची सही घेतली, रोजकीर्दीत नोंद केली आणि नोटा मोजायला घेतल्या. ओल्या स्पंजवर बोट लावून एकदा. मग परत एकदा. गृहस्थ म्हणाले, "राहू द्या हो, वीस वर्षांची ओळख आहे." काका मोजता मोजता म्हणाले, "ओळख आहे म्हणूनच पासबुक न भरता देतोय. पैसे मोजूनच देणार."

ते गृहस्थ गेले. फी वेळेत भरली गेली, हे नंतर काकांकडूनच कळलं.

मी तोपर्यंत काय केलं माहितीये? डिस्कवर १२ जीबीची एक फाइल तयार केली, तिला स्वॅप म्हणून जोडलं, डेटाबेसची मेमरी थोडी कमी केली आणि सुरू केला. फाइल बनवून जोडायला लागली मोजून दहा मिनिटं. मे महिन्यातही दहाच लागली असती.

पैशांचं कोणाचं नुकसान झालं नाही, हेही सांगतो. डेटाबेस प्रत्येक बदल आधी रीडू लॉगमध्ये लिहितो आणि पडून उठला की तिथून वाचून हिशेब जुळवतो. म्हणजे त्याचीही एक रोजकीर्दच असते. ज्या व्यवहारांवर शिक्का बसला होता ते सगळे जागेवर होते. पण दोन तास पन्नास-साठ म्हातारी माणसं उभी होती. बाकडं एकच होतं. एका आजींनी जाताना मला विचारलं, "बाळा, दुरुस्त झालं का रे मशीन? तुला फार त्रास झाला." त्या वाक्याने जे झालं ते बोलणी खाऊन झालं नसतं.

स्वॅप पुरेसा असता तर काय झालं असतं? सर्व्हर रांगला असता. काउंटरवाले ओरडले असते. मी येऊन तो रिपोर्ट थांबवला असता. पडला नसता. स्वॅप काही जादू करत नाही, पण सावरायला थोडा वेळ मिळवून देतो.

तर आता कळलं असेल, गेल्या शनिवारी हात का अडला. एकदा भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. २०२२ नंतर मी इतका बदललो होतो की कुठलीच तपासणी बायपास करायची नाही, असा नवा पंथच काढला होता. त्या पंथाप्रमाणे मी आता सामान आवरून घरी जायला हवं होतं, आणि संस्थेने जुन्याच सर्व्हरवर राहायला हवं होतं. पण ओरॅकल लिनक्स ७ चा नियमित सपोर्ट डिसेंबर २०२४ मध्ये संपलेला. तिथे राहणंही शहाणपणाचं नव्हतं.

मग एक चहा मागवला आणि शांतपणे वाचत बसलो. हा एरर नेमका म्हणतोय काय?

आणि मंडळी, उत्तर तारखांमध्ये निघालं. डेटाबेस १९सीचा हा मूळ इन्स्टॉलर लिनक्ससाठी बाहेर आला एप्रिल २०१९ मध्ये. रेड हॅटचं लिनक्स ८ आलं मे २०१९ मध्ये. ओरॅकल लिनक्स ८ जुलैमध्ये. म्हणजे इन्स्टॉलरला जी नावं माहिती आहेत त्यांच्या यादीत हे नाव असणंच शक्य नाही. तो लिहिला गेला तेव्हा हे बाळ जन्मालाच आलं नव्हतं! तो मशीनची ताकद मोजून नाही म्हणत नव्हता. तो नाव वाचून गोंधळला होता. "सिस्टम घेत नाहीये."

मला हॉलच्या दारातली ती मुलगी आठवली. आणि तिच्या मागोमाग काका आठवले, स्पंजवर बोट ओलं करणारे.

मग डोक्यात जरा उजेड पडला. तपासण्या दोन जातीच्या असतात. एक मोजणारी, दुसरी ओळखणारी. स्वॅप १६ हवा, ४ आहे, ही मोजणारी. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. लिनक्सवरचा एसक्यूएल सर्व्हर घ्या. मशीनला २००० मेगाबाइट मेमरी नसेल तर तो एका ओळीत तसं सांगतो आणि बंद होतो. लोक क्लाउडवर २ जीबीचं स्वस्त मशीन घेतात, त्यातला थोडा वाटा कर्नल स्वतःकडे ठेवतो, उरतात १९०० आणि काही, आणि मग डोकं धरून बसतात. किंवा मोंगोडीबी. २०२१ च्या ५.० व्हर्जनपासून त्याला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचना लागतात. जुन्या प्रोसेसरमध्ये त्या नाहीतच, त्यामुळे तो सुरू होताहोताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळतो. तिथे टिक करायला चौकोनही नाही. जे अंगात नाही ते नाही.

ओळखणारी तपासणी वेगळी. ती म्हणते, तुझं नाव माझ्या यादीत नाही. तेव्हा विचारायचं की यादी कोणी केली आणि कधी केली? यादी माझ्याआधीची असेल तर नापास मी नसतो, यादी शिळी असते.

पण म्हणून काय सरळ दार ढकलून आत जायचं? नाही. इथेच मी २०२२ मध्ये चुकलो असतो. काकांनी ओळखीवर पासबुक सोडलं, पण शिल्लक यादी बघितली, सही घेतली, नोटा मोजल्या. तसंच इथेही होतं. ओरॅकलच्याच कागदपत्रांत यावर वाट दिलेली आहे. इन्स्टॉलर सुरू करण्याआधी 'सीव्ही अझ्यूम डिस्ट आयडी' नावाच्या एका व्हेरिएबलमध्ये सांगायचं, की बाबा, हे ओरॅकल लिनक्स ७ आहे असं समज. तो समजतो, आणि पुढे जातो. पण त्याच कागदपत्रांत पुढची अट आहे. लिनक्स ८ वर १९सी चालवायचं तर निदान १९.७ चं अपडेट लावलेलं हवं. मूळ १९.३ तसंच ठेवून चालणार नाही. आणि इन्स्टॉलरला सुरू करतानाच ते अपडेट लावायला सांगता येतं. बायपासची ओळ नेटवर सगळीकडे सापडते. ही दुसरी अट वाचायला लोक थांबत नाहीत. मी तरी कुठे थांबलो असतो, तीन वर्षांपूर्वी?

व्हेरिएबल टाकला, ताजं अपडेट जोडलं, इन्स्टॉलर चालू. लाल फुली गेली. यादीची स्क्रीन आली. ओळी एकेक करून हिरव्या होत गेल्या. मी खुर्चीत मागे रेललो, आणि..

स्वॅप साइज. फेल्ड!

अरे! या वेळी तर मी स्वतःच्या हाताने बरोब्बर १६ जीबी दिले होते. तपशील उघडला. हवा १६ जीबी, आहे १६ जीबी, फेल्ड. मी डोळे चोळले. मग केबीमधले आकडे बघितले. १,६७,७७,२१६ केबी हवेत, १,६७,७७,२१२ आहेत. चार केबी कमी! स्वॅपची जागा तयार करताना लिनक्स तिच्या सुरुवातीचं एक पान, म्हणजे ४ केबी, स्वतःच्या नोंदीसाठी ठेवतं. बरोब्बर १६ दिले की वापरायला ४ केबी कमीच मिळणार.

आता खरं सांगतो. ४ केबीने जगात कोणाचाही डेटाबेस पडत नाही. इथे टिक केली असती तर काहीही झालं नसतं, आणि तसं करणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही. समोर तो ओळखीचा चौकोन होता. रात्रीचे नऊ वाजले होते. पोटात दुपारचा वडापाव.

पण गंमत अशी की त्या चौकोनाला ४ केबी आणि १२ जीबी यांतला फरक कळत नाही. त्याचं नावच 'इग्नोर ऑल'. मी टिक करून गेलो असतो आणि उद्या माझ्या जागी येणाऱ्या पोराने लॉगमध्ये 'स्वॅप फेल्ड, दुर्लक्षित' एवढं वाचलं असतं, तर त्याला काय कळणार की हे चारवालं आहे का बारावालं? त्याने एकतर घाबरायचं, नाहीतर माझ्यासारखं शिकायचं की सगळं इग्नोरच करायचं असतं.

१ जीबीची स्वॅप फाइल केली. जोडली. परत तपासायला सांगितलं. सगळं हिरवं. मोजून तीन मिनिटं.

साडेदहाला घरी पोचलो. पप्पा जागे होते. त्यांना ४ केबीचं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "लेव्हलचा बुडबुडा एक रेघ बाहेर असला तरी मशीन चालतं. पण रेघ कुठली होती ते लिहून ठेवावं लागतं." मी म्हटलं, लिहिलंय. खरंच लिहिलं होतं. एक पानभर. काय बायपास केलं, का केलं, कोणत्या अपडेटच्या भरवशावर केलं, तारीख. त्याची एक प्रत काकांच्या खणात, शिल्लक यादीच्या शेजारी. काका या वर्षअखेर रिटायर होतायत. म्हणाले, "कागद वाया घालवतोस." सूड घेतला म्हाताऱ्याने :)

सोमवारी दहाला काउंटर उघडलं. काही झालं नाही. आमच्या धंद्यात हीच काय ती शाबासकी.

जाता जाता एक. आमच्याकडे दोन फ्रेशर घ्यायचेत. सरांनी जाहिरातीचा मजकूर तपासायला पाठवला. तिसऱ्या ओळीत होतं, 'थ्रूआउट ६० टक्के'. सरांना फोन केला, म्हटलं, ही ओळ काढू या. सर म्हणाले, "अरे, मग चारशे अर्ज येतील. गाळायचे कसे?"

म्हटलं, येऊ द्यात. जुना सर्व्हर आता रिकामाच आहे. त्याचा स्वॅप परत ४ जीबी करून ठेवतो, चारदोन लायब्ररी काढून टाकतो. ज्याला बसवायचंय त्याने बसून डेटाबेस टाकून दाखवावा. मी शेजारी बसतो. कोण पहिल्या पाच मिनिटांत चौकोनात टिक करतो आणि कोण थांबून वाचतो, ते मला बघायचंय.

"आणि ज्याने टिक केली तो नापास?"

नाही हो सर. त्याला विचारायचं, का केलीस. मलाही कोणीतरी विचारायला हवं होतं.

चला, आई पोह्यांसाठी हाका मारतेय. आज शनिवार आहे, आणि आज खरंच काही काम नाही.